ज्याचं आहे त्याला विचार

हे मी लिहावं की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरात रजेच्या अर्जापेक्षा मोठं काही कुणी लिहिलेलं नाही, आणि तो अर्जसुद्धा वडील शेजारच्या बिऱ्हाडातल्या कुणाकडून तरी लिहून घेत. कॉलेजातल्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "तू त्या सरांबद्दल बोलतेस, तसंच लिही की." पण बोलताना समोरचं माणूस हसतं, मान हलवतं, त्यावरून पुढचं सुचतं. इथे समोर कुणी नाही. सरांनी हे वाचलं तर त्यांना राग येणार नाही, पण ते पहिला प्रश्न विचारतील तो मला माहीत आहे: "याची दुसरी प्रत कुठे ठेवलीस?" ती मी काळाचौकीला मावशीकडे ठेवली आहे. तेवढी काळजी घेऊन लिहिते. चूकभूल माफ करावी.

परळला एक तपासणी केंद्र आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय असं सगळं एका ट्रस्टतर्फे चालतं. सर तिथे बॅकअपचं काम बघत. म्हणजे केंद्रातल्या संगणकांवर पेशंटची जी चित्रं आणि रिपोर्ट साठतात, त्यांची रोज दुसरी प्रत निघते की नाही, आणि उद्या मूळ गेलं तर ती प्रत परत जागेवर आणता येते की नाही, हे बघायचं. मी आयटीच्या पहिल्या वर्षाला असताना तिथे दुपारची शिकाऊ म्हणून लागले. सकाळी कॉलेज, दुपारी केंद्र. घोडपदेवहून दोन्हीकडे चालत जाता येत होतं, म्हणून आईने हो म्हटलं.

सरांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा संगणकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"दहावीची मार्कशीट कुठे ठेवतेस?"

"फायलीत. गादीखाली."

"आणि झेरॉक्स?"

"त्याच फायलीत, सर."

ते म्हणाले, "म्हणजे गादीला आग लागली की दोन्ही जळणार. घरी जा, झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेव, मग कामावर ये."

मी खरंच घरी गेले. झेरॉक्स मावशीकडे नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. आईने हे सगळं ऐकून विचारलं, "तुझो तो सर पिसो तर नाय ना गो?" आमच्याकडे मालवणीत वेड्याला पिसो म्हणतात. मी म्हटलं, "माहीत नाय."

मला खरंच माहीत नव्हतं. ते किडकिडीत होते, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावत. खिशात कायम दोन पेनं असत, दोन्ही निळी. दोन रुमाल असत. चष्म्याचा एक जोड कॅण्टीनमधल्या अण्णांकडे ठेवलेला होता, आणि अधूनमधून ते स्वतःचा चांगला चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवून, चाचपडत जिना उतरून, अण्णांकडचा चष्मा मागायला जात. का, तर मागितल्यावर मिळतो का ते बघायला. अण्णा कंटाळून म्हणायचे, "अहो, दिला असता की वर पाठवून!" सर म्हणायचे, "पाठवायला तुम्ही असाल, हे कशावरून?"

पण खरी गोष्ट किल्लीची. ती मला त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी सांगितली. फणसवाडीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. सणाला फराळाचा डबा द्यायला मी गेले होते. घराची जादा किल्ली सरांनी अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहणाऱ्या बहिणीकडे ठेवली होती. एवढं कुणीही करतं. पण सर दर काही महिन्यांनी आपली किल्ली मुद्दाम घरात ठेवून दार ओढून घेत आणि अँटॉप हिलला जाऊन ती दुसरी किल्ली घेऊन येत.

"अगं, मी भाजीची पिशवी घेऊन दाराशी उभी," काकू म्हणाल्या, "आणि हे किल्ली आणायला गेलेले. हरवली म्हणून नाही हां. उघडते का बघायला! समोरच्या वहिनी मला खुर्ची आणून द्यायच्या. त्यांना वाटायचं, ह्यांना विसरायला होतंय, डॉक्टरला दाखवा."

"आणि एकदा नाही उघडलं, ते सांग की," सर आतून म्हणाले.

"हो. मधे आम्ही कुलूप बदललं होतं, आणि वन्संकडे जुन्याच कुलपाची किल्ली! मी रडकुंडीला आलेली, आणि हे काय खूश! दारात उभं राहून हसत होते."

"मग हसू नको?" सर बाहेर येऊन म्हणाले. "साध्या दिवशी कळलं. खरोखर किल्ली हरवली असती त्या दिवशी कळलं असतं तर?"

केंद्रात ते हेच करत. बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण दाखवतं. सगळं व्यवस्थित झालं, असा त्याचा अर्थ. बाकीच्या ठिकाणी ती खूण बघून लोक चहाला जातात. सर त्या खुणेला विचारतच नसत. दर शुक्रवारी ते खाली रिसेप्शनवर जात आणि तिथल्या मॅडमना म्हणत, "एका पेशंटचं नाव सांगा. मनात येईल ते." मग वर येऊन आम्ही त्या पेशंटची चित्रं टेपवरून, म्हणजे बॅकअपच्या कॅसेटसारख्या फितीवरून, एका रिकाम्या संगणकावर परत आणायची. आणली की सर स्वतः ती उघडत नसत. खाली फोन करत. "मॅडम, वर या. बघा. दिसलं का?"

मॅडम जिना चढून येत, वैतागून बघत, "दिसलं हो," म्हणत. त्यावरून केंद्रात सगळे त्यांना पाठीमागे 'दिसलं का' म्हणत. "आज दिसलं का आले नाहीत वाटतं," असं.

मी एकदा विचारलं, "सर, आपल्याला दिसतंय ना चित्र, मग मॅडमना कशाला त्रास?"

"तुला काय दिसतंय?"

"गुडघा, सर."

"कुणाचा?"

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"माझ्या डोळ्यांना सगळंच बरोबर दिसतं," ते म्हणाले. "ज्याचं आहे त्याला विचार."

आमच्याकडे प्रत्येक कामाचा संगणकावर एक 'कॉल' उघडतात. काम झालं की शेरा लिहून तो बंद करायचा. सरांचा नियम असा की ज्याने वस्तू मागितली, त्याच्या तोंडून 'दिसलं' असं ऐकल्याशिवाय कॉल बंद करायचा नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राशी त्यांची यावरून कायम जुंपायची.

"सर, स्टेटस तो सक्सेसफुल दिखा रहा है. केस क्लोज कर दूँ?"

"तुमको दिखा रहा है. हमारे डॉक्टर को नहीं दिखा रहा. खुला रखो."

हे सगळं मला तेव्हा थोडं जादाच वाटायचं. मग मी दुसऱ्या वर्षाला असताना, दसरा झाल्यानंतरच्या सोमवारी, ती घटना घडली.

सकाळी केंद्र उघडलं तेव्हा एकाही संगणकावर काही उघडेना. फायलींची नावं बदलून भलतीच अक्षरं झाली होती आणि पडद्यावर खंडणीची धमकी होती. कुणीतरी बाहेरून आत शिरून सगळं कुलूपबंद केलं होतं. मला सकाळीच बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा मॅनेजर जिन्यात उभे होते आणि म्हणत होते, "आपला बॅकअप आहे ना? रोज हिरवा असतो ना?"

बॅकअप होता, पण ज्या डिस्कवर रोजची प्रत जायची ती डिस्क त्याच जाळ्याला जोडलेली होती. तीही गेली. कुठल्या टेपवर काय आहे हे सांगणारी बॅकअपची अनुक्रमणिकाही गेली. राहिल्या फक्त टेपा, कारण टेप काढून कपाटात ठेवली की तिथपर्यंत कुणाला पोचता येत नाही. त्यातली सगळ्यांत ताजी, दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी घेतलेली टेप केंद्रातसुद्धा नव्हती. ती नियमाप्रमाणे बाहेर ठेवलेली होती, म्हणजे फणसवाडीला सरांच्या घरी, स्टीलच्या डब्यात. सर टॅक्सी करून गेले आणि तो डबा मांडीवर घेऊन आले.

त्याच वेळी खाली एक गृहस्थ बसले होते. लालबागला मसाला कुटायच्या डंखावर कामाला होते. कामावरून तसेच उठून आल्यामुळे त्यांच्या शर्टावर, भुवयांवर मिरचीची पूड होती आणि रिसेप्शनवर सगळे शिंकत होते. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या बायकोच्या डोक्याचा एमआरआय आमच्याकडे झाला होता. गाठ निघाली, आणि लगेच दुसऱ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. आता तिथले डॉक्टर म्हणत होते की नव्या चित्रात एक डाग दिसतो आहे. ती ऑपरेशनची सूज आहे की गाठीचा राहिलेला तुकडा, हे ऑपरेशनच्या आधीचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. तुकडा असेल तर डोकं परत उघडायचं. आधी दिलेली सीडी त्या इस्पितळात जमा केली होती आणि ती तिथे सापडत नव्हती.

मॅनेजर म्हणाले, "त्यांचा एमआरआय परत काढून देऊ. फुकट."

सर म्हणाले, "आधीचं चित्र परत कसं काढणार? जे होतं ते आता डोक्यात नाही."

म्हणजे ते चित्र जगात एकाच ठिकाणी होतं, त्या डब्यातल्या टेपवर. जुन्या टेपा त्या तपासणीच्या आधीच्या होत्या.

नवा संगणक मांडून, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून, टेप आत घातली. अनुक्रमणिका नसल्यामुळे टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून ती नव्याने बनवायची होती. मी पडद्यासमोर बसले होते. थोडं वाचून झालं आणि टेप अडली. चूक. पुन्हा सुरू केली, पुन्हा अडली. यंत्रावर 'सफाई करा' असा दिवा लागला. सरांनी टेप बाहेर काढली, तिच्या तोंडाशी असलेली बारीक झडप नखाने सरकवली, आणि मला म्हणाले, "टॉर्च धर."

आत कडेला लाल पूड होती.

मॅनेजरांनी खाली धाव घेतली. त्यांना वाटलं, ते डंखवाले गृहस्थ वर येऊन गेले. गृहस्थ बिचारे उठून उभे राहिले. "मी खंय वर इलंय? मी हयच बसलंय," ते म्हणत होते. वर सरांनी ती पूड बोटावर घेतली आणि नाकाशी नेली. शिंक आली नाही. त्यांनी माझ्यापुढे बोट केलं. मी वास घेतला. आमच्या घरी देवाच्या कोनाड्यात येतो तसा वास होता.

सरांनी घरी फोन लावला. मी शेजारीच होते, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू आलं.

"अगं, माझ्या डब्याला हात लावला होतास?"

"खंडेनवमी नव्हती का?" काकू म्हणाल्या. "विळी पूजली, शिवणयंत्र पूजलं, कात्री पूजली. तुमचं हत्यार तेवढं का सोडायचं? आतल्या टेपेला एवढंसं कुंकवाचं बोट लावलं."

"मला दिसलं नाही ते कुंकू."

"तुम्ही ओरडाल म्हणून नंतर ओल्या फडक्याने पुसून ठेवलं." मग थांबून, "का हो? काय झालं?"

सरांनी बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "काही नाही. जेवून घे."

पुढे त्यांनी रिपोर्टमध्ये 'बाहेरील धूळ' एवढंच लिहिलं. कुंकवाचं मॅनेजरांना सांगितलं नाही, आणि मलाही कुणाला सांगू नको म्हणाले. आता काकूंनीच परवानगी दिली म्हणून लिहिते आहे.

टेपचं तोंड आम्ही साफ केलं. सफाईची टेप यंत्रात पुन्हा पुन्हा फिरवली. मग सरांनी सॉफ्टवेअरला सांगितलं की चूक आली तर थांबू नको, तेवढं सोडून पुढे जा. सॉफ्टवेअर आपण होऊन असं करत नाही, एक पान फाटलं की अख्खं पुस्तक मिटून ठेवतं. टेप रडतखडत शेवटपर्यंत गेली. बहुतेक सगळं परत आलं. दोन-तीन ठिकाणी मात्र ती अडखळली, आणि त्यातली एक जागा नेमकी त्या बाईंच्या तपासणीत होती. पडद्यावर पिवळी खूण आली: 'परत आणले, सूचनांसह.'

ती चित्रं सीडीवर घालून सरांनी स्वतः खाली नेऊन दिली.

"डॉक्टरांना दाखवा, आणि दिसलं का ते मला येऊन सांगा."

"सांगतंय, सायबानू," असं म्हणून ते गृहस्थ सीडी शर्टाच्या आत घालून गेले.

पुढचे काही दिवस सर एकेका विभागात जाऊन विचारत होते. एक्स-रे म्हणाला दिसलं, सोनोग्राफी म्हणाली दिसलं, हिशेबवाले म्हणाले दिसलं. एकेक कॉल बंद होत गेला. एकच राहिला. ते गृहस्थ आले नाहीत. त्यांनी दिलेला नंबर कुणा पाहुण्याचा होता, तो लागेना.

ट्रस्टच्या लोकांना द्यायच्या रिपोर्टमध्ये सगळं पूर्ण झालं असं मॅनेजरांना लिहायचं होतं. ते म्हणाले, "सर, एक कॉल कशाला लटकवताय? सीडी दिली ना आपण? करा बंद."

"यंत्राने सांगितलंय. माणसाने नाही सांगितलं."

"अहो, तो माणूस गेला गावाला. आता काय कोकणात जाणार तुम्ही?"

सर खरंच जातील अशी मला भीती वाटली. त्याच हिवाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाला समोसे आणि वेफर्स होते, शाल-नारळ झाला. जाताना त्यांनी सगळ्या कामाची माहिती माझ्याकडे सोपवली आणि म्हणाले, "तो एक उघडा आहे. बंद करू नकोस." मॅनेजर हसले. मीही थोडी हसले, सगळे हसत होते म्हणून.

उन्हाळ्यात लालबागला मसाल्याची गर्दी सुरू झाली की सर तिथे जाऊ लागले. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं. एकेका डंखापुढे उभं राहून विचारायचे, शिंकायचे, पुढच्या डंखाकडे जायचे. एकाने सांगितलं की तो माणूस बायकोला घेऊन गावी गेला तो यंदा आलाच नाही. गाव कुठलं ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. सर घरी येऊन डोळे धूत बसले.

"मला ते काही बोलत नाहीत गं," काकू म्हणाल्या. "पण त्यांनी कुंकवाचं मला नंतर सांगितलं. त्या बाईचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही."

त्या वर्षी खंडेनवमीला काकूंनी विळीसुद्धा पूजली नाही.

या एप्रिलमधली गोष्ट. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती, पण दुपारी मी केंद्रात जात होते. खालून रिसेप्शनच्या मॅडमच्या शिंका ऐकू आल्या, लागोपाठ. मी जिना उतरून धावतच गेले. तेच गृहस्थ. हातात वर्तमानपत्रात बांधलेली मसाल्याची पुडी.

"बाय, ते डबेवाले सायब खंय आसत?"

मी घरचीच भाषा बोलले. "ते रिटायर झाले. काका, तुमी सांगूक येवक नाय? ती सीडी दिसली?"

"दिसली मगे! तेवाच दिसली."

"मगे सांगूक नको होता?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. "दिसली तर कित्याक येतलंय? नाय दिसली असती तर इलो असतंय."

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"तू नको सांगूस. त्यांच्याकडे दे."

मी स्पीकर चालू करून फोन पुढे धरला. गृहस्थ जरा ओरडूनच म्हणाले, "सायबानू, दिसला हो."

"सगळी चित्रं?"

"दोन-तीन काळी होती, असा डॉक्टर म्हणा होते. पण बाकीच्येवर भागला त्येंचा."

"काळी होती," सर म्हणाले. मग मला, "ऐकते आहेस ना? पूर्ण असं लिहू नकोस. अर्धवट लिही, आणि बंद कर."

एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "कोण आहे हो? त्या बाईंचं का?" आणि फोन त्यांच्या हातात गेला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला. "अहो, बाई कशा आहेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे मी विचारलंच नव्हतं. सरांनीही विचारलं नव्हतं.

"बरी आसा, वैनीनू," गृहस्थ म्हणाले. "परत उघडूक लागला नाय. नुसती सूज होती ती. हो मसालो हाडलंय मां, त्येच्या मिरच्येचे देठ तिनाच काढल्यान."

फोन तसाच हातात धरून काकू घरातच कुणाला तरी म्हणाल्या, "ऐकलंत? यंदा खंडेनवमीला तो डबा काढून द्या मला."

"त्यात आता टेप नाही," सरांचा आवाज लांबून आला.

"डबा तर आहे ना?"

मी मसाल्याची पुडी फणसवाडीला पोचवायला पिशवीत ठेवली. मग वर जाऊन शेऱ्याच्या जागी 'अर्धवट' लिहिलं आणि कॉल बंद केला.